एकोणतीस मिनिटं बावन्न सेकंद

बसस्टँडमागच्या गल्लीत, चाव्या करून देणाऱ्याच्या आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या मधोमध घड्याळजीचं दुकान होतं. दुकान एवढं अरुंद की मालक आत बसला की गिऱ्हाइकाने फुटपाथवरच उभं राहायचं. भिंतीवर एकेचाळीस घड्याळं, आणि एकेचाळीसही एकाच क्षणी टोले द्यायची. इतर घड्याळजींकडे जाऊन बघा, एका घड्याळात सव्वादहा, दुसऱ्यात पावणेचार आणि तिसरं कायमचं झोपलेलं. इथे ती बेशिस्त खपत नसे. एखादं घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं, तर परीक्षेत नापास होऊन आलेल्या दिवट्या चिरंजीवाकडे बघावं तसा हा त्याच्याकडे बघायचा.

आणि अशा माणसाला शहराने नाव काय ठेवावं? तर 'आठ सेकंद'.

बेकरीत पाव आणायला गेला तर बेकरीवाला म्हणणार, "या, आठ सेकंद." दाढीला बसला तर न्हावी वस्तरा परजत विचारणार, "मास्तर, आठ सेकंद आधीच उरकू का?" रांगेतले खो खो हसायचे आणि घड्याळजी गळ्यातलं फडकं भिरकावून अर्ध्या दाढीनिशी चालू पडायचा. दोनदा तर त्याने खरोखरच अर्ध्या दाढीवर दिवसभर दुकान चालवलं होतं. लोक म्हणत, राग याच्या नाकावर. राग नाकावर होता हे खरं, पण तो उगाच येऊन बसलेला नव्हता. त्याला बावीस वर्षांचा पाया होता.

त्याचं असं झालं. बाजारामागे पत्र्याचा एक मोठा हॉल होता आणि तिथे दर शनिवारी दुपारी तीनला कुस्ती व्हायची. पदकं मिळतात ती कुस्ती नव्हे. दोरांच्या चौकटीतली, तिकीट लावून, झगमगीत चड्ड्या आणि मुखवटे घालून करायची ती. सहा दिवस घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस सातव्या दिवशी तिथे घंटेवर बसायचा. रिंगच्या पायाशी टेबल, टेबलावर पितळी घंटा, उजव्या हातात हातोडी आणि डाव्या मुठीत स्वतःचं स्टॉपवॉच. अशी अकरा वर्षं काढली त्याने.

त्या काळी या धंद्याचे कायदे फार कडक. कोण जिंकणार, कोण हरणार हे आधी ठरलेलं असायचं. आतली माणसं त्याला 'बेत' म्हणायची. "आजचा बेत काय?" एवढंच विचारायचं, तेही कानात. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही. सज्जन पैलवानांनी डाव्या दाराने यायचं, दुर्जनांनी उजव्या. दोघांनी एका टेबलावर चहा प्यायचा नाही, एका बसमध्ये बसायचं नाही. एकदा भर रस्त्यात दुर्जनांची बस बंद पडली. मागून सज्जनांची आली. पण कोपऱ्यावर चहाच्या टपरीपाशी दहा-बारा माणसं उभी, मग थांबणार कसं? सज्जनांच्या ड्रायव्हरने नुसता भोंगा वाजवला आणि धूळ उडवत निघून गेला. मागे चालत आलेल्यांत त्याचा सख्खा मेहुणा होता. बायकोने वर्षभर अबोला धरला, पण ड्रायव्हरने तिला कारण सांगितलं नाही. सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

आता ते सगळं उघड्यावर आलंय. पैलवान स्वतःच मुलाखती देतात, मुखवटा काढून दात दाखवतात, कुठली खूण कशासाठी असायची ते हसत हसत फोडून सांगतात. आणि ऐकणारे जुने प्रेक्षक ते सारं पाठ करून एकमेकांना प्रश्न घालतात. अशा जुन्या भक्तांचं शहरात एक मंडळही होतं. दर रविवारी चार वाजता हॉलच्या तिकीटखोलीत जमायचं आणि अंधार पडायच्या आत भांडून घरी जायचं. मंडळाचा म्होरक्या होता निवृत्त कंडक्टर. बसमध्ये तीस वर्षं ओरडून आवाज असा झाला होता की त्याने गुपित सांगितलं तरी पुढच्या चौकापर्यंत जायचं.

एका गुरुवारी सकाळी, बरोबर अकराचे टोले पडत असताना, हा कंडक्टर घड्याळजीच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. हातात लांब कागदाची गुंडाळी.

"मास्तर, हॉलला रंग लावला, कळलं ना? पुढच्या महिन्यात पुन्हा कुस्त्या सुरू. आपलं मंडळ दारात फळा लावणार आहे. जुन्या आठवणी, बारा ओळी. पेंटर रविवारी येतोय. म्हटलं वेळाबिळा तुमच्याकडून तपासून घ्याव्यात. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर सारलं. "वाच."

"पहिली ओळ. 'सुरुवातीला रिंगला दोनच दोर होते. काडी पैलवान त्यांच्यामधून घसरून पहिल्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसला, तेव्हापासून तिसरा दोर आला.'"

"बरोबर. पण तो बसला नाही, आडवा पडला. बसला म्हटलं तर डॉक्टरीणबाईंचे मिस्टर अजून हयात आहेत."

"आडवा करतो. दुसरी. 'रिंगबाहेर पडलेल्याला आधी दहा आकडे मोजत. पिंप पैलवानाला दहात वर चढता येईना, म्हणून वीस झाले.'"

"ठीक."

"तिसरी. 'आपले पंच. अठरा वर्षांत एकही चूक नाही.'"

घड्याळजीने चिमट्यातलं बारीक चाक परत डबीत ठेवलं. कंडक्टर पुढे वाचत गेला. चौथी, पाचवी, सहावी. सातवीला मात्र त्याने घसा खाकरला आणि आवाज उतरवला, म्हणजे फक्त गल्लीपुरता ठेवला.

"'वादळ विरुद्ध मगर, पट्ट्याची कुस्ती. मुदत तीस मिनिटं. घंटा एकोणतीस मिनिटं बावन्न सेकंदांना वाजली. इथल्या कुस्तीतली सगळ्यात मोठी चूक.'"

चाव्यावाल्याची कानस थांबली. छत्रीवाल्याने छत्री मिटली.

"खोड," घड्याळजी म्हणाला.

"मास्तर, राग मानू नका. हा इतिहास आहे. इतिहास खोडता येतो का?"

"माझं नाव त्या दारावर टांगणार तू?"

"नाव कुठे आहे? नुसती घंटा म्हटलंय."

"घंटा काय आपली आपण वाजते? ती देवळातली आहे का, वाऱ्याने वाजायला?"

"हे बघा, माझ्या हातात तेव्हा स्टॉपवॉच होतं. तुमच्याकडूनच दुरुस्त करून घेतलेलं. पंधरा दिवसांत एक सेकंद चुकणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. नाही चुकलं बिचारं."

हाच तो घाव. त्या शनिवारी पहिल्या रांगेतून हा कंडक्टर घड्याळ उंचावून ओरडला होता, "आठ सेकंद बाकी आहेत." आणि घड्याळजीच्याच हातच्या घड्याळाने घड्याळजीला तोंडघशी पाडलं होतं. दोन हजार माणसं उठली. शेंगांची टरफलं, बाटल्या, एक जुना बूट. दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानाची काच फुटलेली. हो, तेव्हा दुकान मोठ्या चौकात होतं. पण तीस मिनिटं मोजता न येणाऱ्या माणसाकडे मनगटावरचं घड्याळ कोण देणार? सहा महिन्यांत चौक सुटला आणि ही गल्ली नशिबी आली. पैलवान हरला तर पुढच्या शनिवारी जिंकतो. घड्याळजीची वेळ एकदा चुकली की तो कायमचा बाद.

आणि ती चुकलीच नव्हती.

बेत असा होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मगर वादळला उचलून आपटणार, मग सगळ्यात वरच्या दोरावर चढून अंगावर उडी घेणार, वादळ ऐन वेळी कुशीवर वळणार, मगर रिकाम्या जागी आदळणार आणि वादळ त्याला दाबून विजेतेपदाचा पट्टा घेणार. तीस मिनिटं संपायला दोन सेकंद असताना. पण आपटताना वादळ खांद्यावर पडायच्या ऐवजी डोक्यावर पडला. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यात कुणीच नव्हतं. मगर पाठमोरा दोर चढत होता, त्याला काही पत्ता नाही. हॉल एवढा गरजत होता की पंचाची हाक स्वतः पंचालासुद्धा ऐकू गेली नसेल. तेव्हा पंच घड्याळजीकडे वळला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली. आतल्या सात-आठ माणसांनाच ठाऊक असलेली खूण. तिचा अर्थ, खरंच लागलंय.

मगरला थांबवणारी जगात एकच गोष्ट होती. घंटा झाली की दुर्जनानेसुद्धा हात खाली घ्यायचा, हा त्या धंद्यातला पहिला कायदा. घड्याळजीने हातोडी मारली. मगर वरच्या दोरावरून मुकाट खाली उतरला. नाहीतर सव्वाशे किलोचा तो देह त्या मानेवर येणार होता.

पण हे सांगायचं कसं? 'आज खरंच लागलं' म्हटलं की एरवी लागत नाही असा त्याचा अर्थ झाला. मालकाने कारण न विचारताच सुचवलं, घड्याळ बिघडलं होतं म्हण. घड्याळजी म्हणाला, जीव गेला तरी माझ्या घड्याळाला मी खोटं पाडणार नाही. मग उरलं काय? गप्प बसणं. तो बसला. एकच आधार होता, की वादळला तरी माहीत असणार. ज्याचा प्राण वाचला त्याला ठाऊक आहे, मग बाकीच्यांचं काय मोठंसं.

"काही वेगळं घडलं असेल तर सांगा की," कंडक्टर म्हणाला. "आता कोण लपवतो? मुखवटेवालेसुद्धा तोंडं दाखवत हिंडतायत."

पण ही गोष्ट वादळची होती. त्याला न विचारता ती फोडायची नाही, एवढी जुनी शिस्त घड्याळजीच्या अंगात अजून होती.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "आणि ती ओळ तशीच दिसली तर फळ्याचं सरपण करीन."

वादळ आता गाद्या विकायचा. ज्याने उभ्या आयुष्यात माणसं आपटली त्याने म्हातारपणी लोकांच्या पाठी जपाव्यात. दुकानाच्या दारावर पाटीच होती, 'पडून बघा'. त्याच दुपारी घड्याळजी गेला तेव्हा तो गाद्यांच्या थप्पीशेजारी स्टुलावर बसला होता. मान वळवता येत नसे, म्हणून आलेल्या माणसाकडे बघायला सगळा देह फिरवायचा. जहाज वळावं तसा तो वळला.

"अरे, आठ से—" म्हणाला आणि थांबला. "मास्तर. बसा. त्या निळ्या गादीवर बसा, ती मऊ आहे."

घड्याळजी उभाच राहिला. "पैलवान, मंडळवाले दारावर फळा लावतायत."

"कंडक्टर येऊन गेला. माझी चार ओळी स्तुती आहे म्हणे."

"माझी एक ओळ आहे. सातवी. ती पुसायची तर खरं सांगावं लागेल. तुमची परवानगी मागायला आलोय."

"कसली परवानगी?"

"त्या दिवशी घंटा का मारली ते सांगायची."

वादळ म्हणाला, "मास्तर, बावीस वर्षं झाली. चुकतो माणूस. मी ते मनातून काढून टाकलंय. तुम्हीही काढा."

"काय काढलंत मनातून?"

"तेच की. पट्टा माझा होता. आठ सेकंद थांबला असतात तर माझा होता. मग मान गेली आणि पुन्हा संधी आली नाही. पण मी म्हणतो, जाऊ द्या. मी तुम्हाला माफ केलं."

घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जवळची उशी त्याने अशी आवळली की टाके उसवले.

"मला माफ केलंत," तो हळूच म्हणाला. "पैलवान, पंचाने फुली केली होती."

"कुणी?"

"पंचाने. तुम्ही डोळे उघडे ठेवून बेशुद्ध होतात. मगर वर चढला होता."

"पंच रोज दवाखान्यात यायचा माझ्याकडे. मीच विचारलं होतं त्याला. म्हणाला, सगळं बेताप्रमाणे चाललं होतं, घंटेवाल्याने घात केला. त्यानंतरच्या गोंधळात मगरने रागाने मान पिरगळली."

"तो असं म्हणाला?"

"शपथ घेऊन."

कारण उघड होतं. पट्ट्याची कुस्ती मालकाला न विचारता थांबवली असं कळलं असतं तर पंचाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली असती. म्हणून त्याने फुली गिळून टाकली. आणि नऊ वर्षांपूर्वी तो मेला होता. मेलेल्या माणसाला शिव्या तरी कुठे जाऊन घालायच्या?

"मी दवाखान्यात आलो होतो," घड्याळजी म्हणाला. "सफरचंदं घेऊन. नर्सने दारातूनच परत पाठवलं."

वादळने नजर खाली घेतली. "मीच सांगितलं होतं तिला."

घड्याळजी दुकानातून बाहेर पडला. मागून वादळ म्हणत होता, "मास्तर, खरं असेल तर पुरावा काय?" पुरावा होता, दुकानाच्या खणात. ते स्टॉपवॉच त्याने त्या दिवसापासून चालू केलं नव्हतं; काटे एकोणतीस-बावन्नवर उभे. पण त्याने काय सिद्ध व्हायचं? आरोप तोच तर होता.

घरी येऊन त्याने चपला एकीकडे भिरकावल्या, पिशवी दुसरीकडे. बायको भाजी निवडत होती. हिलाही बावीस वर्षं नाव होतं बरं का. बाजारात तिला 'आठ सेकंदांची मंडळी' म्हणत, आणि ती कुणाला उलट उत्तर देत नसे. नवरा चुकला असेल, चुकू शकतो, एवढंच धरून चाललेली.

"काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. बेत, फुली, मगर, सफरचंदं, गादीवाला, माफी. पहिल्यांदाच. आणि सांगताना त्याला वाटत होतं, आता ही पंचाच्या नावाने बोटं मोडील. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"अहो, हे तुम्ही मला बावीस वर्षं सांगितलं नाहीत?"

"सांगायचं नसतं."

"कुणी सांगितलं, सांगायचं नसतं म्हणून?"

"कायदाच होता तसा."

"कायदा त्या कुस्तीवाल्यांचा. मी काय मगरची बायको आहे? धाकटीच्या लग्नात व्याह्यांनी भर पंगतीत विचारलं, वेळेवर जेवायला वाढाल ना, की आठ सेकंद आधी ताटं उचलाल. मी हसले. त्यांच्यासोबत मी पण हसले. तेव्हा हे मला माहीत असतं, तर मी काय केलं असतं सांगू?"

"काय केलं असतंस?"

"व्याह्यांचं ताट उचललं असतं."

तासभर स्वयंपाकघरात भांडीच बोलत होती. मग तिने चहा आणून आदळला आणि म्हणाली, "स्वेटरवाल्या काकूंना विचारलंत?"

"त्यांचं काय?"

"काय म्हणजे? दर शनिवारी पहिल्या रांगेत, मांडीवर विणकाम आणि वही. पंचाने नाक पुसलं तरी ती बाई लिहून ठेवायची."

रविवारी चार वाजता तिकीटखोलीत पंधरा-सोळा माणसं होती. ताज्या रंगाचा वास, मधे आडवा ठेवलेला फळा, त्यावर काळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत सहा ओळी झालेल्या. सातवी खडूने आखून तयार. पेंटर ब्रश धूत बसला होता. घड्याळजी बायकोला घेऊन आला तसा घोळका दुभंगला. सगळ्यात मागे, हॉलच्या जुन्या डाव्या, सज्जनांच्या दारापाशी वादळ उभा होता. सवय, दुसरं काय.

स्वेटरवाल्या काकूंचं वय पंच्याहत्तर. भाजीच्या दोन पिशव्या भरून वह्या आणल्या होत्या.

"कुठली कुस्ती?" त्यांनी चष्मा चढवत विचारलं.

"कुठली ते काय विचारता काकू," बेकरीवाला म्हणाला. "आठ सेकंदांची."

"जीभ आवर," घड्याळजीची बायको म्हणाली. तिचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच निघाला होता. बेकरीवाल्याने जीभ आवरली.

काकूंनी निळी वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "हं. लाल ठिपक्यांचा स्वेटर विणत होते मी तेव्हा. वाचू?"

"वाचा," कंडक्टर म्हणाला. "वेळ तेवढी बघा, बावन्नच आहे."

काकू शाळेतल्या मुलीसारख्या एका सुरात वाचू लागल्या. "'वादळ आडवा आपटला. डोक्यावर पडला. डावा पाय हलतो, उजवा नाही. मगर दोर चढतो आहे. पंचाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली. कशाला कोण जाणे. घंटा. मगर खाली उतरला. माझी सुई पडली.'"

बावीस वर्षांपूर्वी त्या फुलीचा अर्थ त्या दोन हजार माणसांत एकालाही माहीत नव्हता. काकूंनाही नव्हता, म्हणून तर त्यांनी 'कोण जाणे' लिहिलं. आता तो खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. मागच्याच महिन्यात कंडक्टरने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना ती खूण करून दाखवली होती आणि बरोबर ओळखणाऱ्याला बिस्किटाचा पुडा दिला होता.

कंडक्टरचा आवाज पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही. "काकू, पुन्हा वाचा. पंचाने काय केलं?"

"फुली. दोन्ही हात डोक्यावर."

"मी पहिल्या रांगेत होतो," कंडक्टर म्हणाला. "मला कशी दिसली नाही?"

"दिसेल कशी," घड्याळजी म्हणाला. "तू घड्याळात बघत होतास."

मग त्याचा बांध फुटला. "वहीत होतं. बावीस वर्षं त्या पिशवीत होतं. पिंप किती आकड्यांत चढायचा ते पाठ आहे तुम्हाला. मगरच्या चड्डीला किती टिकल्या होत्या त्यावर दोन रविवार भांडलात. माझ्यावर वेळ आली तेव्हा पाठ काय केलंत, तर आठ सेकंद. दुकान गेलं माझं. एकाने, फक्त एकाने येऊन विचारायचं होतं, मास्तर, असं का केलंत. मी सांगितलं नसतं. पण विचारायचं होतं."

काकूंनी वही मिटली. "मला अर्थ कळायला हवा होता रे," त्या म्हणाल्या. "लिहिलं आणि विणत बसले."

मागून वादळ आला. लोक बाजूला झाले, कारण त्याला वाट काढताना मान वळवता येत नाही. तो घड्याळजीपुढे येऊन उभा राहिला आणि हात जोडायला गेला.

"ते नको," घड्याळजी म्हणाला. "गुरुवारी मला माफ केलंत तुम्ही. आधी ती माफी परत घ्या."

"घेतली."

"मोठ्याने."

"परत घेतली," वादळ म्हणाला. "पट्टा माझा नव्हताच मास्तर. मान माझी होती. ती तुम्ही ठेवलीत." आणि तिथेच, तिकिटाच्या खिडकीखाली, तो भला थोरला माणूस बाकावर मटकन बसला. घड्याळजीच्या बायकोने त्याला पाणी दिलं. राग गेला नव्हता, पण तहान ओळखते ती.

कंडक्टरने ओलं फडकं घेतलं आणि सातव्या ओळीचा खडू पुसायला वाकला.

"खबरदार," घड्याळजी म्हणाला. "इतिहास खोडता येतो का?"

"मग काय लिहायचं?"

"पेंटर, घे. 'मुदत तीस मिनिटं. घंटा एकोणतीस मिनिटं बावन्न सेकंदांना वाजली.' हे आहे तसंच. सेकंद एकही हलवायचा नाही. पुढे लिही, 'घंटा वेळेवर वाजली.'"

पेंटर हिशेबी माणूस. "मुदत तीसची, आणि बावन्नला वेळेवर? लोक विचारतील."

"विचारू देत. विचारायचंच असतं."

पेंटरने लिहिलं. एकेक पिवळं अक्षर सुकताना सगळे बघत राहिले. घड्याळजीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, ओळ तपासली आणि तेच भिंग घेऊन वर सरकला. सहावी, पाचवी, चौथी. तिसरीवर थांबला. 'आपले पंच. अठरा वर्षांत एकही चूक नाही.'

"मास्तर," कंडक्टर कुजबुजला, आणि बसस्टँडवर ऐकू गेलं. "त्यांची बायको येणार आहे फळा बघायला. म्हातारी आहे. तिला काय माहीत."

घड्याळजीने आपल्या बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षं काही माहीत नसलेली ती बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अख्खी ओळ नको पुसू," तो पेंटरला म्हणाला. "'एकही चूक नाही' तेवढं काढ. तिथे लिही, 'चूक एकच.'"

"कुठली ते लिहू?"

"नको. हे भक्त लोक आहेत. यांना आता रविवारला विषय मिळाला."

पेंटरने ब्रश बुडवला. घड्याळजी शेवटच्या अक्षरापर्यंत तिथेच उभा राहिला, दात आवळून, हात पाठीमागे बांधून. मग बायकोला म्हणाला, "चल." दारातून बाहेर पडताना बेकरीवाला वाटेतून बाजूला झाला आणि सवयीने त्याच्या तोंडून "या, आठ..." एवढं निघून गेलं.

घड्याळजी थांबला. "पुढे?"

"सेकंद," बेकरीवाला बारीक आवाजात म्हणाला.

"पूर्ण म्हणत जा," घड्याळजी म्हणाला, आणि चालू लागला.